गोदावरीची कटकट

तेरवीच्या पंगतीत गोमाजींचा पाय थेट व्याह्यांच्या पत्रावळीत पडला, आणि वाढप्याच्या हातातली बादली मधेच थबकली.

यजमानाने पंगतीतून हात जोडत फिरायचं, 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं, एवढाच तर रिवाज. तेवढाही निभावला नव्हता. अन्नाला पाय लागला, तोही बायकोच्या तेरवीच्या अन्नाला, आणि ते अन्न कोणाच्या पुढ्यातलं, तर थोरल्या सुनेच्या बापाच्या! तळपायाला गरम वरण लागत होतं आणि पाय उचलून ठेवावा कुठं ते कळत नव्हतं, कारण पुढचं पाऊलही कोणाच्या तरी भातातच पडणार होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते सत्तरी ओलांडलेल्या गोमाजींना त्या दुपारी नव्यानं समजलं.

"होते, इवाई, होते," तुमसरचे मधुकरराव उठून त्यांचा दंड धरत म्हणाले. माणूस मोठ्या मनाचा. "मोतीबिंदू पिकला म्हनायचा तुमचा. येवढ्या गर्दीत कोनाचाबी पाय पडते. बसा तुमी, मी घेतो दुसरी पत्रावळ."

गोमाजींचा मोतीबिंदू साऱ्या सिहोरा गावाला ठाऊक होता. तो कित्येक वर्षं पिकतच होता. आंबासुद्धा अढीत एवढा वेळ घेत नाही, अशी थट्टा पानठेल्यावर व्हायची आणि गोमाजी तीत स्वतःही सामील व्हायचे. 'पिकू दे बापा, पिकला का काढून टाकू,' असं ते म्हणायचे आणि पोरंही निश्चिंत असायची. मोतीबिंदूला कोण घाबरतो? शिबिरात जायचं, हिरवी पट्टी लावून घरी यायचं, की झालं.

खरी गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातलं एक आज मांडवातल्या फोटोत हार घालून बसलं होतं.

तो मोतीबिंदू नव्हताच. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काचबिंदू. नजर कडेकडेनं खात येतो, दुखत नाही की खुपत नाही, आणि गेलेलं काही परत देत नाही. उरलेलं टिकवायचं तर रोज संध्याकाळी डोळ्यांत थेंब टाकायचे, बस. गोमाजींचा डावा डोळा तेव्हाच गेल्यात जमा होता. उजव्यात आता उरली होती ती बांबूच्या नळीतून दिसावी तेवढी जागा. त्या नळीत कधी कोणाचं नाक यायचं, कधी कोणाचा कान.

आणि एवढ्या नजरेवर गोमाजी शेतावर जात, बाजारात जात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक बघायला पहिल्या ओळीत बसत. कसे? तर बायकोच्या, गोदावरीबाईंच्या कटकटीवर.

ती दोन पावलं पुढं चालायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. "पायरी आहे न समोर, उचला पाय! म्हशीवर पडता का आता? उजव्या अंगानं चाला, उजव्या! नालीत जाता का मढं घेऊन?" आळीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. गोमाजीसारखा देवमाणूस आणि पदरी ही कजाग बाई! सुनासुद्धा आपसांत म्हणायच्या, आईला जरा दम नाही. गोदावरीबाईंना सगळं ऐकू यायचं. "मले कजाग म्हनलं तं काही अंगाले भोकं पडत नाही," ती घरी येऊन म्हणायची. "तुमाले आंधया म्हनतीन, ते नाही आयकवनार." आणि डोकं मागं करायला लावून थेंब टाकायची.

आज पंगतीत पुढं चालणारं कोणी नव्हतं. सगळे हलक्या आवाजात, आदरानं बोलत होते. त्या आदरानंच गोमाजींचा घात केला.

*

चारच्या सुमाराला पाहुणे पांगले. मधुकरराव शेवटच्या गाडीनं गेले, जाताना मुलीला बाजूला घेऊन 'इवाईले सांभाळ' म्हणून गेले. मग पुढच्या ओसरीत, सपरीत, सतरंजीवर घरचेच तेवढे उरले. थोरला कैलाश, त्याची बायको रुपा, पवनीला दिलेली अंजू आणि नागपूरचा धाकटा प्रविण. दोन्ही भावांच्या डोक्यांवर अजून केस उगवले नव्हते. गोमाजी भिंतीला टेकून बसले होते आणि पुढं काय येणार ते त्यांना न बघताही दिसत होतं.

"आता झाकाचं काही राह्यलं नाही," कैलाशनं सुरुवात केली. पन्नाशीला टेकलेला, तुमसरला पंपाच्या सामानाचं दुकान चालवणारा माणूस. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो घरच्यांशीही बोलायचा. "बाबा, सामान बांधा. माह्यासंग तुमसरले चला. उद्याच. शेती शेजारच्या परसरामले ठेक्यानं देऊन टाकू."

"अन् तिथं दिवसभर कोन पाहीन?" प्रविण म्हणाला. "वहिनी शाळेत, तू दुकानात."

"मंग तू ने."

"मी नाही म्हनतो का? पन चौथा माळा आहे, अन् लिफ्ट दोन दिवस चालते, चार दिवस बंद. आपन असं करू दादा. महिनाभर तुह्याकडं, महिनाभर माह्याकडं. उन्हाळ्यात ऑपरेशन करू. मंग पाहू."

'महिनाभर' हा शब्द गोमाजींच्या छातीत दगडासारखा पडला.

त्यांचे वडील दादाजी म्हातारपणी असेच आंधळे झाले होते. चार मुलं, चारी घरं याच गावात. प्रत्येक पुनवेला म्हातारा एका घरून दुसऱ्या घरी जायचा. गाठोडं घेऊन पुढं चालायचं काम धाकट्या गोमाजीकडं असायचं. एका घरात दार कुठं, विहीर कुठं, रात्री उठलं तर कोणत्या भिंतीला हात लावायचा, हे म्हाताऱ्याच्या जरा अंगवळणी पडावं तोवर पुनव यायची. मग पुन्हा नवी भिंत, नवी ठेच. होता होता दादाजींनी उठणंच सोडलं. ठेवलं तिथं बसायचे, दिलं ते खायचे. लोक म्हणायचे, पोरं गुणाची, म्हातारा सुखात आहे, जागचा हलत नाही. गोमाजींनाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पुढं स्वतःचा डावा डोळा गेला, तेव्हा त्यांना त्या न हलण्याचा अर्थ लागला.

"मी कुठीच येत नाही," गोमाजी म्हणाले.

"बाबा, हट्ट नोका करू."

"हट्ट कायचा? घर माहं आहे. या घरात मले डोयाचं काम नाही."

"आज पाह्यलं न साऱ्या गावानं!" कैलाशचा आवाज चढला. "माह्या सासऱ्याच्या पत्रावळीत पाय देल्ला तुमी."

रुपा एवढा वेळ गप्प होती. शाळेत पोरांना शिकवून तिचा आवाज खणखणीत झाला होता, पण आता ती खालच्या सुरात बोलली. "मले साफ बोलू द्या. बाबा आले तं मले जड नाही. पन सकायी सातले मले घर सोडावं लागते, दुपारचे दोन वाजतात याले. तवरिक बाबाले आत ठेवून बाहेरून कडी लावावी लागन. आमच्या दारापुढंच मोठी सडक आहे. मले ते कडीचं पटत नाही. लोकं काय म्हनतीन ते जाऊ द्या, मलेच झोप येनार नाही."

"तू आपल्या बाजूची आहे का बाबाच्या?" कैलाश तिच्यावर उखडला.

"बाजू कायची जी? जे होनार ते सांगतलं."

"मंग माह्याकडं ठेवा," अंजू म्हणाली. "पवनीले घरीच हातमाग आहेत. दिवसभर घरात मानसं राह्यतात."

"पोरीच्या घरी?" दोन्ही भाऊ एकदम म्हणाले. इतका वेळ न जमलेलं एकमत त्यांचं या एका मुद्द्यावर क्षणात झालं.

गोमाजींना वाईट हसू आलं. वाटणी चालली होती आणि वाटणीची वस्तू भिंतीला टेकून ऐकत होती. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि हातावर जोर देऊन ते उठले.

"आयका. भाषण पुरे झालं. मी आत जातो अन् तुमा साऱ्याईसाठी चहा करून आनतो. कोनी उठाचं नाही, कोनी सांगाचं नाही. चहा आला तं मी इथं राह्यतो. नाही आला तं न्या कुठं न्याचं ते."

"बाबा, गॅस आहे..." अंजू म्हणाली.

"गॅस मी तुह्यापेक्षा जास्त वेळा पेटवला आहे."

"करू द्या," प्रविण म्हणाला. "एकदाचं होऊन जाऊ द्या."

हे घर गोमाजींनी हातांनी पाठ केलं होतं. सपरीतून उंबरा ओलांडला की माजघर. डाव्या हाताला धानाची पत्र्याची कोठी. तिच्या पोटावर तळवा घासत गेलं की स्वयंपाकघराचं दार. दारातच घडवंची, तिच्यावर पाण्याची मातीची घागर. तिच्या गारव्यानंच दार आलं ते कळायचं. पुढं ओटा, त्यावर शेगडी, शेगडीच्या वर फळी, फळीवर चेपलेला डबा चहाचा आणि गुळगुळीत डबा साखरेचा. गोदावरी शेजारी गेली असली की ते कितीदा तरी स्वतःपुरता चहा करून घ्यायचे. ती आल्यावर ओरडायची, पण मनातून खूश असायची.

गोदावरी गेल्यापासून ते सपरीतच बसून होते; आज पहिल्यांदाच त्यांनी उंबरा ओलांडला आणि डावा हात पुढं केला. हातात काहीच आलं नाही.

कोठी नव्हती. हात हवेत फिरला, आणखी पुढं गेला, आणखी खाली, आणि एकदम पोत्याच्या तागाला लागला. पोती? इथं पोती कुठून आली? गोमाजी पोत्यांच्या कडेनं सरकत गेले. गारवा काही येईना. मग पाय एका चौकटीला लागला, म्हणून ते आत वळले, आणि हात भांड्यांच्या उतरंडीत गेला. पंगतीसाठी आणलेली पितळी भांडी धाडधाड कोसळली. एक गंज त्यांच्या गुडघ्यावर आदळला. ते मागं सरकले, वळले, पुन्हा वळले, आणि मग त्यांना कळलं की आपलं तोंड कोणत्या दिशेला आहे हेच आपल्याला कळत नाही. सपरी कुठं, घरामागची सांदवाडी कुठं, दार कुठं? बालपणापासून ज्या घरात राहिलो, त्या घरात आपण हरवलो आहोत.

"गोदावरी!" त्यांनी हाक मारली.

तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

पहिली आली अंजू. तिनं त्यांचा हात धरला नाही. ती दारात उभी राहून आधी इकडं, मग तिकडं बघत असावी, कारण तिचा आवाज वेगवेगळ्या बाजूंनी आला.

"दादा, इकडं ये. कोठी कुठी होती या घरात?"

"त्या भिताडाले," कैलाश म्हणाला. "कायले?"

"अन् आता कुठी आहे?"

"पाहुन्याईच्या गाद्या ठेवाले तूच तं सरकवाले लावली."

"अन् घडवंची?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्या दिवशी सुतक फिटलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे घरातलं मातीचं प्रत्येक भांडं गावाबाहेर नेऊन फोडलं होतं. पूर्ण घर अंगणात काढून जमीन शेणानं सारवली होती, भिंतींना चुना लावला होता, आणि वाळल्यावर जिथं ज्याला सोयीचं वाटलं तिथं सामान परत ठेवलं होतं. पदर खोचून सगळ्यांत पुढं अंजूच होती. आईच्या घराची शुद्धी मनासारखी झाली म्हणून तिला त्या दिवशी जरा बरंही वाटलं होतं.

"बाबा नाही चुकले," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "घर आपन चुकवलं. त्याईच्या डोयाचं घर होतं, ते आपन उचलून फेकलं."

मग भांडी उचलल्याचा आवाज आला. रुपा होती. "सांगा बाबा," ती म्हणाली, "काय कुठी होतं ते. आता परत ठेवून देऊ. पयले कोठी."

ज्या सुनेशी बारा वर्षांत दोन शब्दांवर तिसरा शब्द झाला नव्हता, ती अशी बाजूला येऊन उभी राहील असं गोमाजींना स्वप्नातही वाटलं नसतं. ते पाटावर बसले आणि सांगू लागले. कोठी भिंतीला, तोंड पूर्वेला. पोती सांदवाडीच्या पडवीत. चहाचा डबा डावीकडं, साखरेचा त्याला लागून. घडवंची दारातच, अगदी दारातच. कैलाश आणि प्रविण घाम गाळत कोठी ढकलत होते. गोमाजी उठून प्रत्येक वस्तूवर हात फिरवत होते, 'अजून येवढी इकडं' म्हणत होते. त्यांच्या आवाजात जोर आला होता. तेरा दिवसांत प्रथमच त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

कोठी जागेवर बसली तेव्हा कैलाश कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाला, "ठीक आहे. मी तं हरलो बुवा. राहा इथंच. परसरामच्या घरून दोन टायमाचा डबा लावू. पन एक गोष्ट. उन्हाळा लागला का ऑपरेशन. मोतीबिंदू काढल्यावर मंग चहा काय, स्वयंपाक करा."

"हो, हो," गोमाजी म्हणाले. "उन्हाळा लागला का."

घर राहिलं होतं. त्यांनी कोठीच्या पोटावर तळवा ठेवला. डोळे भरून आले, तेवढ्या कामाला ते अजून चांगले होते.

तेवढ्यात घागर फुटली.

मातीची नवी घागर, घडवंचीवर ठेवायला म्हणून रुपानं दाराच्या डाव्या बाजूला आणून ठेवलेली. प्रविण पोतं घेऊन केव्हाच तिच्या बाजूनं निघून गेला होता. मागून कैलाश आला तो सरळ तिच्यावर. पाणी गोमाजींच्या पायापर्यंत वाहत आलं.

"घागर आहे न समोर!" रुपा ओरडली. "दिसत नाही का तुमाले? उजव्या अंगानं चाला म्हनून किती वेळा सांगाचं! परवा चौकटीले डोकं हानलं, तिकडं दुकानाच्या पायरीवरून पडले, गाडी तं दोनदा डाव्या बाजूनं घासून आनली..."

गोमाजी जागच्या जागी थिजले.

शब्द रुपाचे होते, पण ती चाल गोदावरीची होती. तोच चढा सूर, तोच 'आहे न समोर', त्रागा वरवरचा आणि खाली भीती. रुपाला स्वतःलासुद्धा ठाऊक नव्हतं की ती काय करू लागली आहे. गोदावरीलाही सुरुवातीला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला तीही खरोखरच चिडायची.

आणि कैलाश पन्नाशीला टेकला होता. गोमाजींचा डावा डोळा याच वयात जाऊ लागला होता. दादाजींचाही.

"कैलाश," ते म्हणाले, "हे डाव्या अंगाचं किती दिवसापासून आहे?"

"काय? काही नाही. चष्म्याचा नंबर बदलला असन."

आता गप्प राहिलं तर काय बिघडत होतं? गोमाजींना गप्प राहायचं होतं, अगदी मनापासून राहायचं होतं. घर आत्ताच, या क्षणी, हातात आलं होतं. उन्हाळ्याला अजून अवकाश होता, आणि उन्हाळ्यात आणखी एखादं निमित्त काढता आलं असतं. मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून सांगता आलं असतं. पोराला आज ना उद्या कोणीतरी डॉक्टर सांगेलच की. पण कोण सांगेल? दुखत नाही, खुपत नाही, मग हा माणूस डॉक्टरकडं जाईलच कशाला? ते स्वतः तरी कुठं गेले होते? गोदावरीनं ओढत नेलं होतं, तेही फार उशिरा.

"बस खाली," ते म्हणाले. "सारे बसा. मले मोतीबिंदू नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. कुठंही सारवासारव केली नाही. बाहेर कोणाच्या तरी खळ्यावर धान मळण्याचं यंत्र घरघरत होतं, त्याच्यावर आवाज चढवून त्यांना बोलावं लागलं.

"काचबिंदू," प्रविणनं शब्द पुन्हा उच्चारला. "मंग ऑपरेशनचं?"

"गेलं ते कोनत्याच ऑपरेशननं येत नाही. राह्यलं ते थेंबानं टिकते. तुही आई टाके रोज. शीशी गार राहावी म्हनून घडवंचीखाली ओल्या वाळूत ठेवे."

अंजूच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. "ती बारकी शीशी? ती तं... बाबा, मले वाटलं आईच्या कानाचं औषध. मी घागरीसंग फेकून देल्ली."

"मालूम आहे मले. दहाव्याले घागरी बाहेर नेल्या, तवाच समजलो."

"अन् बोलले नाही?"

"काय बोलू? कायचं औषध म्हनून सांगू?"

कैलाश उठून उभा राहिला होता. "मंजे उन्हाळ्यात काहीच होनार नोहोतं. मंजे तुमी आतासुद्धा, आता कोठी सरकवतानासुद्धा, आमाले बनवूनच राह्यले होते."

"हो."

"अन् आईबी त्यात होती."

"तिले नोको ओढू," गोमाजी म्हणाले. "डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, हे बापाकडून पोराले येते, पोराईचे डोये दाखवा. ती रोज म्हने, सांगून टाका. मी तिले शपथ घातली. सांगतलं का आपलं महिना-महिना सुरू झालं, असं म्हटलं. तिनं आयकलं. पन शेवटपर्यंत तिच्या जिवाले ते लागूनच होतं. आता मी सांगून राह्यलो. तुहा डावा डोया दाखव, कैलाश. उद्याच. अंजू, प्रविण, तुमीबी."

"मले काही झालं नाही!" कैलाश ओरडला. "आपलं झाकाले माह्यावर कायले ढकलता? घागर काय कोनाकडून फुटत नाही?"

"फुटते. पन घागर, चौकट अन् गाडी, सारं डाव्याच बाजूनं फुटत नाही."

"मी येनार नाही."

हा हट्ट गोमाजींच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. हा हट्ट समजावून जात नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्याला काहीतरी मोजून द्यावं लागतं, आणि द्यायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती.

"बरं," ते म्हणाले. "मंग सौदा कर. तू दुकानदार आहे. उद्या भंडाऱ्याले चाल अन् डोये दाखव. त्याच्या बदल्यात मी तुह्यासंग येतो. तुमसर म्हन, नागपूर म्हन. महिना-महिना म्हन. बाहेरून कडी लाव. मी कुरकुर करनार नाही. घराले कुलुप लाव अन् चाबी तुह्याजवळ ठेव."

"बाबा!" अंजू म्हणाली.

"तू मधात बोलू नोको, माय."

सांडलेलं पाणी सारवलेल्या जमिनीत मुरत होतं आणि शेणाचा वास उठत होता. गोमाजी थांबून राहिले. पोरगा काय करतो आहे ते त्यांना दिसत नव्हतं. नळीत फक्त चुना लावलेल्या भिंतीचा एक तुकडा होता. पाय आपटत निघून जाईल, असं वाटलं. पण पावलं वाजली नाहीत.

"दादा," थोड्या वेळानं प्रविण म्हणाला, "उजव्या डोयावर हात काहून ठेवला?"

कैलाश बोलला, तेव्हा दुकानदाराचा तो मोठा आवाज कुठंच नव्हता.

"रुपा, तू उठून गेली का?"

"नाही जी," रुपा म्हणाली. "तुमच्या समोरच तं उभी आहो."